रंकाळ्यावरून दाबलेलं बटण

ही हकीकत सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. गल्लीत कुणी विषय काढला की मी चप्पल घालून बाहेर पडायचो. मुलगी पुण्याहून फोनवर विचारायची, "बाबा, दुधाच्या मामी अशा एकदम का गेल्या हो?" मी म्हणायचो, आवाज तुटतोय. एकदा तर मी खरोखरच फोन तोडला.

आता मी चौऱ्याहत्तरचा आहे. गेल्या महिन्यात रंकाळा तळ्याच्या कट्ट्यावर बसलो असताना एकानं मामींचं नाव काढलं आणि दुसरा सहज म्हणाला, "ती चोरटी व्हय?" म्हणणाऱ्यानं मामींना कधी पाहिलंही नव्हतं. ऐकीव गोष्ट होती. ती गोष्ट मी तयार केली होती, माझ्या हातानं, मोबाईलवरचं एक लाल बटण दाबून. म्हणून हे लिहितो आहे. मामींनी चोरी केली नव्हती. आणि हे मला, तो प्रसंग घडल्यापासून नवव्या दिवशी, पक्कं माहीत झालं होतं.

पण सुरुवातीचा आनंदही सांगायला हवा. तो लपवला तर मी जे केलं ते का केलं, हे कळणार नाही.

त्या वर्षी समोरच्या घरातला तांब्याचा बंब चोरीला गेला. भर दुपारी. घरातली माणसं जोतिबाला गेली होती आणि परत येऊन बघतात तर न्हाणीघरात नुसती काळी वर्तुळाकार खूण. गल्लीत चार दिवस दुसरा विषय नव्हता. मुलीला कळलं तसा तिनं धोशा लावला, "बाबा, तुम्ही एकटे असता, कॅमेरे बसवा." मी म्हटलं, "मला काय करायचेत कॅमेरे? मी सोन्याची पेढी काढलीय का?" हिला, माझ्या बायकोला, जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. घरात मी एकटा, आणि चोरण्यासारखं म्हणाल तर हिचं शिवणयंत्र.

तरी एका सकाळी मी राजारामपुरीत दुकान बघायला गेलो. बरोबर माझा जोडीदार. आम्ही पोरवयात एका तालमीत, एका मातीत लोळलेलो. आता त्याचा गुडघा गेलेला आणि माझे दात. दुकानात पाऊल टाकलं आणि मी जागीच उभा राहिलो. समोर भिंतभर पडदे. एका पडद्यावर रस्ता, एका पडद्यावर जिना, आणि एका पडद्यावर एक पाठमोरा म्हातारा, डोक्यावर पुरीएवढं टक्कल. मी हात वर केला, त्यानंही केला.

"हे कोण?" मी विचारलं.

"तूच की," जोडीदार म्हणाला. "मागनं बघायची आमाला सवय हाय, तुला न्हाय."

मी उद्यमनगरात चौतीस वर्षं टर्नर होतो. लेथवर हजारो तुकडे कातले. निवृत्त झाल्यावर हाताला काम नव्हतं, आणि ही गेल्यावर डोक्यालाही नव्हतं. त्या दुकानात माझं डोकं दोन वर्षांनी पहिल्यांदा चालू झालं. हा कॅमेरा किती अंशात बघतो? अंधारात रंग दिसतात का? पाऊस लागला तर? वीज गेली तर? दुकानदारानं दोन वेळा चहा मागवला आणि तिसऱ्यांदा पाणी. जोडीदार स्टुलावर बसून पेंगत होता. निघताना म्हणाला, "आरं, लगीन जुळवताना एवढी चवकशी केली न्हवतीस."

पुढचे आठ दिवस मी अक्षरशः घर मोजलं. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या नळ्या केल्या आणि जिथं जिथं कॅमेरा येईल असं वाटलं तिथं तिथं त्या भिंतीला चिकटवल्या. स्टुलावर चढून नळीतून बघायचं आणि काय दिसतं ते वहीत लिहायचं. चोराचं काम जोडीदाराकडं होतं. तो गल्लीच्या तोंडापासून चालत यायचा आणि मी वरून ओरडायचो, "चोरासारखा चाल की."

"चोराचा गुडघा दुखत नसतोय. मी असाच येणार."

"मग जरा भिंतीकडेनं ये."

"भिंतीकडंनं गटार हाय. चोर काय गटारातनं यील?"

गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून हसत होत्या. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. जेवण विसरत होतो. सकाळी डोळे उघडले की आज काय मोजायचं हे आधी आठवायचं, हिची रिकामी खाट नंतर.

शेवटी ठरलं: एक कॅमेरा पुढच्या दारावर, एक बोळात, एक मागच्या पडवीवर. दोन्ही दारांना चुंबकाचे सेन्सर. दार उघडलं की मोबाईलवर घंटी. आणि भिंतीवर सायरन. सायरन मोबाईलवरूनही वाजवता येत होता. जगात कुठंही असा, लाल बटण दाबा, घरी भोंगा वाजेल. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. आमच्या काळी कारखान्याचा भोंगा वाजवायला एक माणूस ठेवलेला असायचा.

बसवायला आला तो कारागीर इचलकरंजीचा. चाळिशीचा, शांत माणूस. आधी मागाच्या शेडमध्ये जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करायचा. माग बंद पडत गेले तसा तो या धंद्यात आला. त्याच्या हातात सफाई होती. भोक पाडताना खाली कागदाचा द्रोण धरायचा, भिंतीचा चुरा जमिनीवर पडू द्यायचा नाही. मी शेजारी उभा राहून त्याला पान्हे देत होतो, त्यानं न मागता.

"काका, तुम्ही बसा. मी करतो."

"मी चौतीस वर्षं उभ्यानं काम केलंय. बसायला होत नाही."

तेवढ्यात मागच्या दारानं मामी आल्या.

मामी म्हणजे आमच्या गल्लीच्या दुधाच्या मामी. आमच्या मागच्याच बोळात त्यांचा गोठा, दोन म्हशी. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी पन्हाळ्याच्या पायथ्याला दिलेली. गल्लीतल्या सात घरांचा रतीब त्यांच्याकडं. आणि त्या सातही घरांच्या मागच्या दाराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. कुणी फिरायला गेलेलं असो, कुणी झोपलेलं असो, मामी मागचं दार उघडणार, स्वैपाकघरात जाऊन पातेल्यात दूध ओतणार, वर ताटली झाकणार आणि कुलूप लावून जाणार. तीस वर्षं असं चाललं होतं. दूध, किल्ल्या आणि लोकांचा विश्वास, या तीन गोष्टींवर त्या बाईचं घर चालत होतं.

मामींनी मान वर करून पडवीतला कॅमेरा बघितला, पदर डोक्यावर घेतला आणि सरळ उभ्या राहिल्या.

"दादा, ह्यात माझा बी फोटू निघणार व्हय?"

"रोज निघणार."

"मग रोज बरं लुगडं नेसाय पायजे की. वैनी असत्या तर हसल्या असत्या." कारागिराकडं वळून म्हणाल्या, "पावणं, जरा बारीक दिसंल असं करता येतंय का त्यात?"

मग सायरनची चाचणी झाली. कारागीर म्हणाला, तुम्हीच दाबा. मी बटण दाबलं. काय तो आवाज! कावळे उडाले, गल्लीतली सगळी दारं उघडली, कुणाचा तरी कुकर कोसळला. मी लहान पोरासारखा हसत होतो. दोन मिनिटांत मामी तरातरा परत आल्या. आता चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"दादा, म्हस बिथरली माझी. दावं तोडाय बघती. गाभण हाय ती. असलं काय वाजवायचं आसलं तर आदी सांगत जावा."

मी कानाला हात लावला आणि म्हटलं, "परत नाही." तेव्हा खरंच तसं वाटलं होतं.

चौथा कॅमेरा मुलीनं पाठवला. छोटा, लिंबाएवढा. कारण असं की मी दोनदा गॅस चालू ठेवून फिरायला गेलो होतो. तिचं म्हणणं, स्वैपाकघरात कॅमेरा ठेवा, म्हणजे बाहेरून बघता येईल गॅस बंद आहे का. मी कारागिराला फोन करून विचारलं, कसा लावायचा. तो म्हणाला, "लावणं सोपं आहे काका, तुम्हीच लावाल. पण घराच्या आत लावताय तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून ठेवा. लोकांना आवडत नाही ते."

"माझ्याकडे येतंय कोण?" मी म्हणालो.

कॅमेरा मी लोणच्याच्या बरणीशेजारी फळीवर बसवला. मामींना सांगायचं राहिलं. मुद्दाम नाही, राहिलं. या चौथ्या कॅमेऱ्याचं मला इतकं कौतुक होतं की ज्यांना बघायचं नव्हतं त्यांनाही मी रंकाळ्यावर माझी शेगडी दाखवत होतो.

चार महिने गेले. चोर आला नाही. आणि मला त्याचं वाईट वाटत होतं, हे आज कबूल करतो. एवढी तयारी, एवढे कोन, आणि पडद्यावर रोज तेच: पेपरवाला, मांजर, मामी. लाल बटण तसंच पडून.

तो दिवस थंडीचा होता. सकाळचे साडेसात. आम्ही रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलो होतो, मी, जोडीदार आणि आणखी तिघंचौघं. मोबाईलची घंटी वाजली: मागचं दार उघडलं. मी मोबाईल काढला. मामी असणार हे माहीत होतं. तरी काढला, कारण सगळ्यांना दाखवायचा होता.

स्वैपाकघर स्वच्छ दिसत होतं. मामी आल्या. हातात नेहमीचा कॅन नव्हता, एक लहान पितळी चरवी होती. पातेल्यात काहीतरी ओतलं, वर ताटली झाकली. नेहमीसारख्या लगेच गेल्या नाहीत. त्यांनी दाराकडं बघितलं. मग पदर सावरून फळीवरचा तांदळाचा डबा खाली घेतला. झाकण काढलं. मूठ भरली. मूठभर तांदूळ त्या चरवीत टाकले आणि डबा जिथल्या तिथं ठेवून दिला.

कट्ट्यावर सगळ्यांच्या माना मोबाईलवर वाकल्या. मग एक जण म्हणाला, "रोज मूठ म्हंजे म्हैन्याचं काय झालं बघा."

जोडीदार म्हणाला, "आरं, पर आदी इचार तर."

मी विचारलं नाही. मला राग आलाच नव्हता. इतक्या वर्षांत जो क्षण मला कधी नीट सांगता आला नाही, तो आज सांगतो. मला आनंद झाला होता. माझी यंत्रणा चालली होती. माझे कोन बरोबर ठरले होते. चोर सापडला होता आणि चार माणसं बघत होती. मी लाल बटण दाबलं.

पडद्यावर मामी दचकल्या. चरवी हातातून निसटली. तांदूळ फरशीवर सांडले. त्या खाली बसून ते गोळा करायला लागल्या, मग उठल्या, कानावर हात ठेवून पडवीत गेल्या. पडवीच्या कॅमेऱ्यात मला त्यांच्याभोवती माणसं जमताना दिसली. समोरच्या घरातला, ज्याचा बंब गेला होता तो, हातात काठी घेऊन आला होता. मामी काहीतरी सांगत होत्या. तोंड हलत होतं. सायरनपुढं कुणाला काय ऐकू येणार?

सायरन बंद करायला आकडा टाकावा लागतो. तो आकडा मी घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. म्हणून मी रिक्षा करून घरी पोचेपर्यंत तो भोंगा चालूच राहिला.

मी पोचलो तेव्हा मामी गेल्या होत्या. चरवी स्वैपाकघराच्या फरशीवर आडवी पडलेली. मी सायरन बंद केला आणि गल्लीला म्हणालो, "काळजी नको. सगळं रेकॉर्ड आहे."

आणि मी दाखवलं. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीला मोबाईल जोडून, मोठा करून, सगळ्या गल्लीला दाखवलं. जे नंतर आले त्यांच्यासाठी परत दाखवलं. मुठीपाशी आलं की मी थांबवत होतो. बायका म्हणाल्या, "आणि आपण किल्ल्या दिल्यात हिच्याकडं." कुणीतरी मला चहा आणून दिला. हिच्या तेराव्यानंतर माझ्या घरात इतकी माणसं पहिल्यांदाच आली होती.

त्यात भर पडली दुधाची. गर्दी पांगल्यावर मी पातेलं गॅसवर ठेवलं, तर आच लागताच दूध फाटलं, घट्ट झालं, पिवळट गोळे झाले. मी शेजारी नेऊन दाखवलं: "बघा, दूध पण नासकं घालून गेली." शेजारीण कामावर निघाली होती. दुरूनच बघून म्हणाली, "काय माणसं असत्यात." मी ते सगळं गटारात ओतलं.

दोन दिवसांत बाकीच्या सहाही घरांच्या किल्ल्या मामींकडून परत मागितल्या गेल्या. माझी किल्ली कुणी मागितली नव्हती. ती त्यांनी आपणहून आणून दिली. माझ्याकडं चित्रण आहे: पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर किल्ली ठेवतात, कॅमेऱ्याकडं बघतात, पदर डोक्यावर घेतात आणि जातात. बाकी सगळं पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं. एवढं मी जपून ठेवलंय.

नवव्या दिवशी माझी मोठी बहीण आली, अक्का. गडहिंग्लजला असते. डोळे तपासायला आली होती. डॉक्टरकडून आल्यावर मी उत्साहानं तिला टीव्हीसमोर बसवलं. आमचा चोर बघ म्हटलं. अक्कानं डोळे बारीक करून बघितलं.

"मागं घे."

मी मागं घेतलं.

"ते पातेल्यात वतली ते काय हाय?"

"दूध."

"दूध असं पडतंय व्हय? पिवळं हाय बघ ते. जड पडतंय. तापवल्यावर काय झालं?"

"फाटलं. गोळे झाले."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. लहानपणी मी काही फोडलं की बघायची तसं.

"तिची म्हस याली होती का रं?"

मला माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"आरं, चीक हाय त्यो. पैल्या धारंचा. जन्मभर खरवस खाल्लास, करताना कदी बघितला न्हाईस. पैला चीक ती तुज्या घरी घेऊन आली. आणि चिकाचं भांडं रिकामं परत न्यायचं नसतंय, म्हस आटती. धुवून बी द्यायचं नसतंय. मूठभर तांदूळ घालून द्यायचं. तुजी बायको देत हुती. आता घरात द्याला कोण हाय? तू? तू तर तळ्यावर बसलेलास. मग तिनं आपल्या हातानं घेतलं. काय केलास तू त्या चिकाचं?"

मी खिडकीतून गटाराकडं बघितलं.

"वतलास?"

मी मान हलवली. अक्का उठून आत गेली आणि त्या दिवशी माझ्याशी परत बोलली नाही.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. चिकाचं भांडं रिकामं जात नाही, हे मी आईच्या घरी शंभरदा बघितलेलं. पण ते बायकांचं, स्वैपाकघरातलं. ते कॅमेऱ्यात आल्यावर मला ओळखू आलं नाही.

त्याच संध्याकाळी मी गोठ्यावर गेलो. बोळ पन्नास पावलांचा. दोन माणसं म्हैस बघायला आली होती, विकत घ्यायला. मामी रेडकाला बाटलीनं दूध पाजत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "म्हैस चांगली आहे." त्या माणसांना वाटलं मी सौदा जमवायला आलोय. मी परत आलो.

महिन्याभरात गोठा रिकामा झाला. मामी मुलीकडं गेल्या.

मग मी गल्लीला का सांगितलं नाही? हे लिहिणं सर्वांत अवघड आहे. त्या टीव्हीच्या दिवसापासून मी गल्लीत कुणीतरी झालो होतो. सहा घरांनी कॅमेरे बसवले आणि सगळ्यांनी मला विचारून बसवले. मी स्टुलावर चढून कोन सांगायचो. इचलकरंजीच्या त्या कारागिराला मी कामं मिळवून दिली. लोक म्हणायचे, काकांना विचारा, काकांनी चोर पकडला होता. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. आणि कुणीतरी हार्ड डिस्क कोणती घेऊ म्हणून यायचं, आणि मी खुलायचो. अक्का गडहिंग्लजला परत गेली होती. राहिला जोडीदार. त्याला सगळं सांगून मी शपथ घातली. तो म्हणाला, "मी न्हाय बोलणार. पर तूच बोलाय पायजेस. बटण माज्या हातात न्हवतं."

वर्षानंतर मी एसटीनं पन्हाळ्याच्या पायथ्याला गेलो. बरोबर ती पितळी चरवी. वर्षभर माझ्या पडवीत होती, धुतली नव्हती. ती मी तांदळानं काठोकाठ भरली होती, वर फडकं बांधलं होतं, आणि वाटेत सगळं वाक्य पाठ केलं होतं.

मामी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. मला ओळखलं.

"या की दादा. बसा. कॅमेरा बरा हाय न्हवं?"

आणि मी सांगायला लागलो. देवाशपथ, मी त्यांना कॅमेऱ्याबद्दल सांगायला लागलो. नवीन बॅटरी घेतलीय, वीज गेली तरी चार तास चालतं. त्या ऐकत होत्या. लेकीनं चहा आणला. बिनदुधाचा.

मी चरवी पुढं केली. त्यांनी फडकं सोडलं, आत बघितलं.

"एवढं कशाला? मूठभर लागतंय."

त्यांनी एक मूठ भरली, माझ्याकडं बघत, सावकाश. मग चरवी माझ्या पिशवीत उपडी केली, उरलेले सगळे तांदूळ मला परत दिले, आणि हातातली मूठ त्या रिकाम्या चरवीत सोडली.

"वैनी जाताना सांगून गेल्यात्या मला," त्या म्हणाल्या. "मी नसलं तरी तुज्या हातानं घे, म्हस आटाय नको. आदल्या वेताला बी मीच घेतल्यालं, तुमच्याच डब्यातलं. तवा आत कॅमेरा न्हवता."

"म्हैस..." मी म्हणालो.

"त्या दिशी पाटंचं याली. भोंग्यानं जी बिथरली, रेडकाला जवळ घेतलं न्हाय तिनं. पान्हा बी घातला न्हाय. मग इकली." शेंगेचं टरफल त्यांनी बोटानं झाडलं. "हितं बरं हाय. नात हाय. किल्ल्या सांबाळायचं काम न्हाय."

पाच वाजताची गाडी होती. त्या फाटकापर्यंत सोडायला आल्या. दोन वेळा माझ्या ओठावर आलं. त्या थांबल्या होत्या, हेही मला कळत होतं. फाटकाशी उभं राहून मी म्हणालो, "येतो मग." त्या म्हणाल्या, "या."

त्यानंतर मी त्या गावाला आणखी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा स्टँडवर उतरून चहा घेतला आणि उलट्या गाडीनं परत आलो.

या वर्षी, शेंगा काढणीच्या सुमारास, मामी गेल्या. मला कट्ट्यावर कळलं, आणि त्याच वेळी तो दुसरा म्हणाला, ती चोरटी व्हय. जोडीदारानं माझ्याकडं बघितलं. मी उठून घरी आलो, चारही कॅमेऱ्यांच्या तारा काढल्या, मग वाटलं यानं काय होणार, आणि परत जोडल्या. त्यानंतर मी वही उघडली, ती कोन लिहिलेली, आणि मागच्या पानांपासून हे लिहायला घेतलं. लिहून झालं की गल्लीतल्या त्या सहाही घरांत मी स्वतः वाचून दाखवणार आहे, टीव्ही न लावता.

पण मामींना जे सांगायचं होतं ते गल्लीला सांगून भागणार नाही. ते एसटीत पाठ केलेलं वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. ते असं होतं:

मामी, बटण मी चोर दिसला म्हणून दाबलं नाही, मला ते दाबून बघायचं होतं म्हणून दाबलं. तुम्ही मला सांगितलं होतं, म्हैस गाभण आहे, वाजवू नका. मी कानाला हात लावला होता. ते तांदूळ तुमचे होते. चीक मी गटारात ओतला. माझं चुकलं, मामी.